जावयाचा रुसवा आणि सात खळग्यांचा तवा

जावयाच्या रुसव्याची चाल ज्याने काढली त्याला माझा नमस्कार नाही. पहिल्या दिवाळसणाला जावई सासुरवाडीस येतो, अभ्यंगस्नान करतो, पाटावर बसतो आणि वाढलेल्या पानाकडे पाठ फिरवतो. मग सासऱ्याने विनवायचे, सासूने पदर डोळ्यांना लावायचा आणि अंगठी नाहीतर घड्याळ कबूल झाले की या गृहस्थाला एकाएकी भूक लागते. रस्त्यात कोणी असे अडवले तर त्याला पोलीस नेतात. पाटावर बसून अडवले तर आपण त्याला ओवाळतो! या विषयावर मी चार पानी पत्रक छापून ठाकूरद्वारच्या नाक्यावर वाटले होते. बऱ्याचशा प्रती कोपऱ्यावरच्या भडभुंज्याकडे गेल्या, आणि माझा त्वेष मला चण्यांभोवती गुंडाळलेला परत मिळाला.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचा पहिला दिवाळसण आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडी यायचा होता.

दिवाळीच्या आठवडाभर आधी तिच्या सासरहून, माहीमहून, सोयरिकीतले मध्यस्थ निरोप घेऊन आले. म्हणाले, "अंगठी नको, घड्याळ नको. तुळशीचं लग्न लागलं की मुलीला नांदायला पाठवतो, एवढा शब्द द्या म्हणजे मुलगा घास उचलेल. शाळा पुरे झाली असं विहीणबाईंचं म्हणणं आहे."

बहीण मुलींच्या शाळेत पाचवीत होती. चैत्रात परीक्षा होती आणि पहिला नंबर आपला हे तिने मनात पक्के केले होते. मी रागाने लाल झालो. वडील म्हणाले, "लाल हो नाहीतर पिवळा हो. दिवाळीच्या दिवशी जावई उपाशी उठला तर या वाडीत तोंड दाखवायला जागा नाही. शब्द द्यावा लागेल."

बहीण शाळेत शिकवलेला लोकरीचा मोजा विणत बसली होती, तो ती अशा काही जोरात विणू लागली की सुयांचा आवाज ओटीपर्यंत येऊ लागला.

"मुंबईच्या उकाड्यात लोकरीचे मोजे!" आत्या म्हणाली. "हे शिकवायला शाळा!" आमची आत्या विधवा, घरातली सगळी चूल तिच्या ताब्यात आणि सगळे शास्त्रही. तिनेच पुढे सांगितले, "पण एक आहे हो. मागणं करायचं ते घास घेण्याआधी. एक घास पोटात गेला की रुसवा फिटला. मग काही मागता येत नाही."

म्हणजे वडिलांच्या तोंडून शब्द निघण्याआधी जावयाच्या तोंडात घास गेला पाहिजे. पण कसा? चकली, करंजी, अनरसे त्याच्या घरीही होतेच. त्यांच्याकडे पाठ फिरवणे काय अवघड!

इथे मामा उपयोगी पडला. मामा माझगावच्या गोदीत कारकून. गोदीत लागलेल्या डेन्मार्कच्या एका जहाजावरच्या खानसाम्याशी त्याची दोस्ती झाली होती आणि जाताना त्या खानसाम्याने त्याला एक बिडाचा जड तवा भेट दिला होता. तव्याला सात गोल खळगे. त्या देशात नाताळच्या सकाळी घरोघर यात लिंबाएवढे गोळे करतात. पातळ पीठ ओतायचे, खालची बाजू भाजली की गोळा अणकुचीदार सळईने टोचून गर्रकन फिरवायचा, आत सफरचंदाचा तुकडा, वर पिठीसाखर.

"हे आमचं आप्पेपात्र," आत्या म्हणाली.

"हे डॅनिश आहे!" मी ओरडलो. परदेशी पदार्थ जावयाच्या पोटात जाणार, म्हणजे सुधारणाही आत जाणार, असा माझा दुहेरी बेत होता. तो आप्प्यांत बुडवायला मी तयार नव्हतो.

"पिठात काय घालतात?" आत्याने मामाला विचारले.

"कणीक, ताक, साखर, वेलदोडा..."

"वेलदोडा? मग माणसं चांगल्या घरची दिसतात."

"...आणि अंडी," मामा हळूच म्हणाला.

आत्या उभी राहिली. अंड्याशिवाय कृती खरी होणार नाही, असे मी तत्त्व म्हणून सांगितले. आत्या म्हणाली, "या घरात अंडं राहील नाहीतर मी." तत्त्व मी तात्पुरते तहकूब केले. अंड्याच्या जागी चिमूटभर पापडखार आणि सफरचंदाच्या जागी वसईचे राजेळी केळे ठरले.

पण तव्यात अंडी शिजली होती, त्याचे काय? आत्याने तवा निखाऱ्यांत लालबुंद होईपर्यंत तापवला. मग चिंच लावली, राख लावली, काथ्याने घासला, पुन्हा चिंच, वर गोमूत्र. नरकचतुर्दशीच्या पहाटे तो चांदीसारखा चमकत चुलीवर चढला. मामाने पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"अगं, याला पाणी लावायचं नाही, नुसता पुसायचा, असं बजावलं होतं त्या खानसाम्याने! वर्षानुवर्षांची तुपातेलाची चिकटाई होती, तिच्यावरच गोळे सुटतात!"

"वर्षानुवर्षं न धुतलेलं भांडं? माझ्या चुलीवर?"

बाहेर मेहुणे पाटावर बसले होते. मॅट्रिकला बसणारा पोरगेलासा मुलगा, तेल-उटण्याने तुकतुकीत, आईने पढवल्याप्रमाणे भिंतीकडे तोंड करून. वडील विनवत होते. मला राहवेना. "भावोजी," मी त्यांच्या पाठीशी बोलू लागलो, "रुसवा ही चाल मुळात..." त्यांचे कान लाल झाले आणि पाठ अधिकच ताठ झाली. वडिलांनी मला हाताने स्वयंपाकघराची वाट दाखवली.

आत वेगळेच युद्ध चालू होते. पहिले सात गोळे तव्याला असे चिकटले की खरवडून निघाला तो शिरा. आत्या उलथने घालते, ते खळग्यात मावत नाही. आई पळी घालते, ती गोळ्याचे दोन तुकडे करते. दुसरा घाणाही तसाच. "तूप घाल!" "घातलंय!" "आणखी घाल!" "घर विकून घालू का?"

बाहेर वडिलांचा आवाज आला, "बरं, तुळशीचं लग्न झालं की..."

बहिणीने मोज्यातली सुई उपसली. अर्धा मोजा जमिनीवर उसवत गेला. तिने सुई तुपात बुडवली, गोळ्याच्या कडेने बारीक फिरवली, टोचली आणि मनगट वळवले. गोळा उलटा होऊन बसला, वरून बदामी, टम्म. दुसरा. तिसरा. विणताना टाका उचलतात तसा एकेक.

"अगं बाई!" आत्या ओरडली. "फिरला! फिरला!" मामाने टाळी वाजवली. तूप, वेलदोडा आणि केळे यांचा वास बाहेर गेला.

आणि पाठीमागे एवढा गोंधळ चालला असताना भिंतीकडे कोण बघत राहील? मेहुणे वळले. आई ताटली घेऊन बाहेर येतच होती.

"हे काय आहे?"

"खाऊन पाहा," आई म्हणाली.

त्यांनी एक उचलला, चटका बसला म्हणून घाईने तोंडात टाकला आणि डोळे मिटले. वडिलांचे वाक्य अर्धे हवेत राहिले. दाराआडून आत्याने हाक दिली, "घास गेला हो! रुसवा फिटला!"

मेहुण्यांनी डोळे उघडले. भरल्या तोंडाने म्हणाले, "अरे! आता आईला काय सांगू?" मग जरा विचार करून त्यांनी आणखी चार घेतले.

मी पत्रकाची एक प्रत पुढे केली. दाराआडून बहिणीचा आवाज आला, "दादा, ते ठेव. त्यांच्याबरोबर डबा दे म्हणावं आईला. वीस गोळे, अजून गरम आहेत. शाळेतल्या सुईने फिरवलेत, एवढं सांगायचं."

दोन दिवसांनी माहीमहून रिकामा डबा आणि विहीणबाईंचा निरोप आला. असे गोळे शिकवत असतील तर शाळा बरी दिसते, चैत्रापर्यंत शिकू द्या; मात्र पुढचे सगळे प्रकारही शिकून घेऊ द्या.

घरात आनंदीआनंद. मी मात्र संतापलो. शाळेत गोळे शिकवत नाहीत! शिक्षणाचा हक्क असा गैरसमजावर, पोटातून मिळवायचा? त्याच संध्याकाळी मी विहीणबाईंसाठी तीन पानी खुलासा लिहिला आणि सकाळी टपालात टाकायचा म्हणून कोनाड्यात ठेवला.

सकाळी कोनाडा रिकामा. चुलीत ढलप्यांखाली माझ्या अक्षरातली शेवटची ओळ काळी पडत होती. चुलीशी बहीण भूगोल पाठ करत बसली होती. तिने वर पाहिले नाही.

"डेन्मार्कची राजधानी कोणती रे, दादा?" ती म्हणाली.

मला येत नव्हती.