बोळातल्या मशीनचं कव्हर

तुमच्या घरी बटण दाबलं की गार हवा येते, म्हणून तिच्या पायी माणसं दुरावू शकतात हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण आमच्याकडे तसं होता होता राहिलं, आणि चूक माझी होती.

दोन हजार सालानंतरचा एक उन्हाळा. तुमच्या आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की दुपारची उष्णता त्यांना सोसणार नाही, खोली थंड ठेवा. जिना चढायला मनाई, म्हणून त्यांची कॉट खाली मागच्या खोलीत आणली. त्या खोलीवर नुसता पत्रा. एप्रिलात तिथे पाणी पिऊन फुलपात्र खाली ठेवेपर्यंत घाम फुटायचा. म्हणून एसी घेतला. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीतला तो पहिलाच.

त्याचे दोन भाग असतात. एक आत भिंतीवर, दुसरा मोठा पंखेवाला बाहेर. बसवायला आलेला मेकॅनिक म्हणाला, "काकू, बाहेरचं मशीन मागच्या भिंतीला लावू. तितं मोकळं हाय. बोळात वारं फिरत न्हाय."

मला लगेच शंका आली. आतला भाग बोळाकडच्या भिंतीवर बसणार होता; तिथून मागची भिंत लांब, म्हणजे दोन भाग जोडणारी तांब्याची नळी जास्त आणि बिलही जास्त, म्हणून याला मोकळं वारं आठवलं. शिवाय ती भिंत शेजारच्या आक्कांच्या परड्याला, म्हणजे मागच्या अंगणाला, लागून आहे, आणि आक्कांचे उपकार मला नको होते. मी ठामपणे बोळ दाखवला. आमच्या आणि आक्कांच्या घरामधला तो बोळ इतका अरुंद की आडवं होऊन चालावं लागे. पण त्याला फाटक होतं आणि फाटकाला कुलूप.

आता माझी सवय सांगते. आमच्या घरात टीव्हीला कव्हर होतं, मिक्सरला होतं, फोनलासुद्धा झालरीचं होतं. बाहेरच्या मशीनवर कबुतरं बसू लागली तशी मी त्यालाही रेक्झिनचं कव्हर शिवलं. पंखा समोरून वारा फेकतो हे मला दिसत होतं, म्हणून पुढची बाजू उघडी ठेवली. मागची आणि कडेची बाजू नाड्यांनी घट्ट बांधली. टीव्हीचं तसंच होतं.

चार दिवसांनी एसी भर दुपारी बंद पडायला लागला. वीज असायची, आतला पंखा फिरायचा, पण हवा कोमट. तासाभराने आपोआप पुन्हा गार, मग पुन्हा कोमट. मी वहीत वेळा टिपू लागले. आजोबांचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा आणि ते म्हणायचे, "मला काही होत नाही." त्यांच्या सुकलेल्या ओठांकडे बघून मला ते खरं वाटत नसे.

मेकॅनिक दोनदा आला. दोन्ही वेळा मशीन उत्तम चाललं. तो तासभर थांबायचा, तोवर खोली गार. तो गेला की तासात कोमट. माझी खात्री पटली की हा काहीतरी करून जातो, मुद्दाम अर्धवट ठेवतो. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. पाहुणे येणार म्हटलं की आपण टीव्हीचं कव्हर काढून घडी घालतो ना? मेकॅनिक येणार म्हटलं की मी बाहेरच्या मशीनचंही काढून ठेवत होते. तो गेला की पुन्हा बांधत होते.

दुसरा संशय आक्कांवर. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बोळात होती आणि तिच्यावर त्यांनी ओलं गोणपाट टांगलं होतं. मी फाटकाशी उभी राहून विचारलं, "आक्का, तुम्ही बोळात उतरता का हो? मशीनला कुणी हात लावतंय."

"मी कशाला हात लावू?" आक्का खिडकीतूनच कडाडल्या. "तुमचं यंत्र माज्या चुलीवर वणवा वकतंय! गोणपाट लावलंय ते आमी भाजून निघू नये म्हणून. त्यातनं कसला गॅस येतोय द्येवाला ठावं. आमाला मारून तुमी गार झोपा की!"

खिडकी धाडकन लागली. आठवडाभर आमचं बोलणं बंद.

मग एक दिवस मेकॅनिक न कळवता आला. कव्हर जागेवर होतं. त्याने त्याची एक नाडी बोटाने ओढून पाहिली.

"काकू, ह्ये कुणी घातलं?"

"मी. का?"

"देवघरातली उदबत्ती आणा एक. पेटवून."

मला वाटलं, आता हा मला जादू दाखवणार. उदबत्ती त्याच्या हातात न देता मी स्वतःच मशीनच्या मागे धरली. धूर सरळ वर गेला. त्याने नाड्या सोडल्या, कव्हर काढलं. धूर वाकला आणि मशीनच्या जाळीत शिरला.

"हवा मागनं, कडंनं वडतंय. तुमी त्येचं नाकच बांधलंय. आता म्होरं धरा."

पुढे धरली. धूर आक्कांच्या भिंतीवर आपटला आणि गरम झोताबरोबर फिरून पुन्हा मागच्या जाळीकडे आला.

"सोडल्याली हवाच परत घेतंय. कव्हर काढून निम्मं काम हुईल. मे महिन्यात परत बंद पडंल."

मे उंबऱ्यावर होता आणि आजोबा आत. मी त्याच संध्याकाळी आक्कांकडे गेले. कव्हरचं सगळं सांगितलं. मशीन मागच्या भिंतीला लावायचं तर तोंड तुमच्या परड्याकडे येईल, असंही सांगितलं.

"म्हंजे माज्यावर आळ घातला, आनि आता माज्याच परड्यात वणवा?"

"हो."

"मास्तर कसं हायत?" आजोबांना त्या मास्तर म्हणत.

"दुपारी जीव घाबरा होतो त्यांचा."

आक्कांनी मागचं दार उघडून आमच्या भिंतीकडे पाहिलं. "लावा. पर माज्या डोक्याच्या वर लावा. आनि मी रोज बगणार, गॅस येतोय का ते."

मशीन हलवलं. पहिल्या दुपारी मी वही घेऊन कॉटशी बसले. तीन वाजून गेले, खोली गारच, आजोबांना गाढ झोप लागली होती. तेवढ्यात मागे काहीतरी खडखडलं. मी दबक्या पावलांनी परड्याकडे गेले. आक्का स्टुलावर चढून मशीनसमोर तळहात धरून उभ्या होत्या.

"काय करताय आक्का?"

"चालतंय का न्हाय बगतोय. तुमी कशाला आलाय?"

"तुम्ही काय करताय ते बघायला."

"मग बगा की," त्या म्हणाल्या आणि हात तसाच ठेवला.