भिंतीकडे तोंड करून ठेवलेले कॅनव्हास

इंद्रपुरीतल्या आमच्या घराची गच्चीवरची खोली हा माझा स्टुडिओ. खाली आई एकटी राहते. मी मिसरोदला राहते आणि रोज सकाळी बसने इकडे येते. गुडघ्यांमुळे आई सहा वर्षांत जिना चढली नव्हती. वर काय चाललंय असं तिने विचारलं, की मी सांगायचे, एक चित्र झालं, एक इंदूरला पाठवलं, एक कुणीतरी नेलं. यातलं बरंचसं खोटं होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनासाठी चित्र करत होते. मागे सरकून बघायला गेले तर कोपर फ्रेमच्या ढिगाला लागलं आणि सगळा ढीग ओल्या कॅनव्हासवर कोसळला. आवाज ऐकून आईने खालून हाक मारली. काही नाही, असं मी ओरडून सांगितलं. मग भिंतीला हात लावत, प्रत्येक पायरीवर थांबत ती वर आली. मला काहीच लपवता आलं नाही.

तिने दारातूनच खोली पाहिली. वाळलेल्या रंगांच्या ट्यूब, टर्पेंटाइनच्या बाटल्या, ताठ झालेले ब्रश, वर्तमानपत्रांचे गठ्ठे. पाय ठेवायला जागा नव्हती. आई तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क होती. तिने खुर्ची मागितली, बसली आणि म्हणाली की आधी डावीकडून सुरुवात करू.

पुढचे चार दिवस ती रोज वर येत राहिली. ती खुर्चीत बसून एकेक वस्तू हातात घ्यायची आणि मी ती सांगेल तिथे ठेवायचे. रोज लागणारं हाताशी, कधीतरी लागणारं वरच्या फळीवर, वाळलेलं सरळ पोत्यात. मला एका जागी बसवेना. चहाच्या निमित्ताने खाली जायचे, कुंड्यांना पाणी घालायचे, मोबाइल बघायचे. जितकी जमीन दिसायला लागली तितकं मला घाबरल्यासारखं होत होतं, कारण भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या कॅनव्हासची पाळी जवळ येत होती. ते आपण शेवटी बघू, असं मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिने ऐकलं नाही.

एकवीस निघाले. मी एकेक वळवून तिच्यासमोर लावला. कुठे नुसता तलावाचा काठ, कुठे आकाशाशिवाय छपरं, कुठे चेहरा नसलेली बाई. आई बराच वेळ बघत राहिली.

"हे सगळे अर्धेच कसे गं?" तिने विचारलं.

मी म्हटलं की पूर्ण करायची वेळ आली की मला भीती वाटते. पूर्ण केलं की ते वाईट आहे हे कळेल. अर्धं असलं की चांगलं होण्याची शक्यता तरी राहते. आणि इंदूरला मी काहीच पाठवलं नव्हतं, तेही सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "मला शेजारी विचारायचे तेव्हा मी सांगत होते ना सगळ्यांना."

मी गच्चीवर जाऊन उन्हात उभी राहिले. परत आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. म्हणाली, स्टोअरमध्ये वर्षानुवर्षं न हललेला माल डेड स्टॉकमध्ये टाकायचो, नाहीतर नवीन माल ठेवायला जागाच उरायची नाही. मग तिने प्रत्येक कॅनव्हासवर बोट ठेवून मला विचारलं, ठेवायचा की काढायचा. नंतर सांगते, हे उत्तर तिला चालत नव्हतं. पाच राहिले. उरलेल्या सोळांवर पांढरा रंग मारून ते नव्याने वापरायचे ठरले. मी रुंद ब्रश भिजवला, पण पहिल्या कॅनव्हाससमोर हात उचलेना. आईने तो माझ्या हातातून घेतला आणि तलावाच्या काठावरून आडवा फिरवला. भिंत रंगवावी तसा, अगदी निर्विकारपणे. दुसरा मी केला.

खोली आवरून झाली तरी माझं चित्त थाऱ्यावर आलं नाही. पहिल्या आठवड्यात मी धुतलेले ब्रश पुन्हा धूत होते, डबे इकडचे तिकडे करत होते. मग ठेवलेल्या पाचांतला एक घेतला, अशोका गार्डनजवळच्या रेल्वे रुळांचा. त्याला तीन आठवडे लागले. आकाश जमलं नाही हे मला दिसत होतं, तरी खाली सही केली आणि त्याच प्रदर्शनाला पाठवला. निवड झाली नाही. त्याच दिवशी मी आईला तसं सांगितलं.

ती म्हणाली, "मग घेऊन ये. हॉलमध्ये लावू."

मी नको म्हटलं, पण तिने सुताराला बोलावून खिळा ठोकून घेतला होता. आता ते चित्र सोफ्याच्या वरच्या भिंतीवर लटकतं. आल्यागेल्याला ती ते दाखवते आणि मी तिथून उठून जाते. रोज वर जाताना त्या आकाशापाशी माझी पावलं अडतात. ते उतरवून पुन्हा हातात घ्यावंसं वाटतं. अजून घेतलेलं नाही. वर ईझलवर दुसरं चालू आहे, आणि त्यातलं पाणी अजून रंगवायचं राहिलंय.