चीक
शेजारची गाय व्याली की आमच्याकडे चीक येतो, आणि गूळ-वेलदोड्याच्या खरवसाचा वास घरभर सुटला की मला बारामतीचा तो रविवार आठवतो. पहिल्या बाळंतपणाला मी कळसला माहेरी आले होते. बारामतीत एक डॉक्टरीणबाई होणाऱ्या आईबापांचे वर्ग घ्यायच्या. तिथं जावं की नाही, यावर घरात रोज वाद. "आमी कुठं क्लास लावलं व्हतं? तरी पोरं झालीच की," आई म्हणायची. शेवटी अवघडलेल्या पोरीला एकटीला एसटीनं कसं धाडायचं, म्हणून तीच सोबत आली आणि मागच्या खुर्चीत पदर सावरून बसली. बाईंनी सांगितलं, जन्मल्या जन्मल्या बाळाला आईचं पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, पाजायचाच. "आन् पिळून टाकला तर?" मागून आईचा आवाज आला. बाई हसल्या, "आता कोण टाकतंय, मावशी?" परतीच्या एसटीत आई बाहेरच्या उसाकडं बघत बसली, मग हळूच म्हणाली, "गाईचा चीक आमी कदी वाया घालवला न्हाय. माझा मातर सासूबाईंनी मातीत पिळाया लावला, बाधतो म्हणून." माझ्या आधीचा भाऊ बारशाआधीच गेला, एवढंच मला ठाऊक होतं. तो चीक न मिळाल्यानंच गेला असं कुणी सांगू शकत नाही, हे मी तिला किती वेळा समजावलं. त्या वर्गाचा माझ्या लेकीला उपयोग झाला. आई मात्र अजूनही खरवस करते, सगळ्यांना वाटते, आणि त्या रविवारपासून स्वतः चमचाभरही तोंडात घालत नाही.