चढावरचा चौथरा

मालवणकडच्या रस्त्याच्या रुंदीकरणात जुनं काय काय आड येतं, त्याची यादी करायला मला ओव्हरसियर म्हणून धाडलं होतं. एक वीरगळ आणि एक घुमटी लिहून झाली. पुढे चढावर जांभ्या दगडाचा छातीएवढा चौथरा होता. त्यावर शेंदूर नव्हता, कोरीवकाम नव्हतं, म्हणून मी तो यादीत घेतला नाही.

तेवढ्यात एक म्हातारी मासेवाली चढ चढून आली. चौथऱ्यासमोर तिने गुडघे किंचित वाकवले आणि डोक्यावरची पाटी अलगद त्यावर सरकवली. मग चुंबळ सोडून त्याच फडक्याने मानेचा घाम पुसला. हा चौथरा आता पाडणार, असं मी तिला सांगितलं.

ती माझ्या कागदाकडे बघत राहिली. पाटीच्या ओझ्यावर हात ठेवून म्हणाली, "दोगां आसली तर वजा खंयय उतरता. एकट्यान खंय उतरूचा?"

वीरगळ आम्ही देवळाच्या आवारात नीट नेऊन उभा केला.

डांबर पडल्यावर मी जीपमधून त्याच चढाने गेलो. चौथरा होता तिथे ती म्हातारी रस्त्याकडेला उभी होती, पाटी डोक्यावरच, कोणी हात लावायला येईल म्हणून वाट बघत. ड्रायव्हरने गाडी थांबवली नाही. मीही त्याला थांब म्हटलं नाही.