माझ्या घरातली तेलुगू बाई

मागच्या उन्हाळ्यात माझं एका परक्या बाईशी लफडं होतं. गंगाखेडात ही गोष्ट मला सोडून सगळ्यांना माहीत होती.

झालं असं. माझी बायको मंगल जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी अश्विनी पुण्यात. ती रविवारी फोन करते, "अप्पा, जेवलात का?" विचारते, मी "जेवलो" म्हणतो, संपलं. बाकीचे सहा दिवस घरात माझ्या चपलांशिवाय कशाचाच आवाज नाही. दुपार तर अक्षरशः खायला उठते. अशाच एका दुपारी टीव्हीवर कीर्तन शोधताना भलतंच बटण दाबलं गेलं आणि एक जपानी कार्टून सुरू झालं. एक आजी, दोन नाती. त्या चहा पितात, मुळा आणायला निघतात, गप्पा मारत मुळा न घेताच परत येतात. भाषा कळत नाही, पण काही घडतच नाही तर कळायचं काय? मला फारच आवडलं! चार दिवसांत मी त्यांच्याशी बोलायलाही लागलो.

अडचण एवढीच, की मी बसस्टँडवरचा रिटायर कंट्रोलर. तीस वर्षं भोंग्यावर गाड्या पुकारल्या, आता हळू बोलणं गळ्यालाच जमत नाही. "अरे वा, आलात? बसा, चहा टाकतो!" हे मी म्हणालो कार्टूनमधल्या नातीला, ऐकलं अख्ख्या गल्लीनं.

शेजारच्या शिवकांतावहिनींनी भिंतीला कान लावला (त्या म्हणतात, आपोआप लागला) आणि परभणीला माझ्या धाकट्या भावाला, नागनाथला, फोन केला.

"भाऊजींच्या घरात बाई हाय. लय बारीक आवाजात हासायलीय."

"कुठली हाय?"

"आपल्याकडली न्हाई. तेलुगू वाटायलीय!"

पुण्याला कळवताना नागनाथनं त्या बाईला दोन लेकरंही बहाल केली. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात तिघं हजर! घाबरीघुबरी अश्विनी, नागनाथ आणि मागं वाटीभर लोणचं घेऊन (निमित्त लागतं!) वहिनी.

"दादा, कुठाय ती?"

"कोण?"

नागनाथनं न्हाणी पाहिली, गच्ची पाहिली, ज्वारीची कोठी उघडून पाहिली. (कोठीत मांजरही मावत नाही, पण तपास म्हणजे तपास!) शेवटी त्याला ओट्यावर दोन कप सापडले.

"मंग ह्यो दुसरा कप कुणाचा?"

मी तो कप उचलून विसळायला घेतला. एका कपाचा चहा मला अजून टाकताच येत नाही. दुसरा मंगलचा, तो गार झाला की मीच पितो. हे अश्विनीला कळायला नको होतं. तिच्या चेहऱ्यावरून दिसलं, की कळलं.

मी टीव्ही लावला. नात हसली आणि वहिनी ओरडल्या, "हीच! हीच ती!"

मग सगळे बसले. पडद्यावर आजी आणि नाती टरबूज खात होत्या.

"आता पुढं काय व्हतंय?" नागनाथनं विचारलं.

"टरबूज संपतं."

"आन् मंग?"

"हात धुतात."

तीन भाग पाहिले त्यांनी! वहिनी मध्येच जाऊन भजी तळून घेऊन आल्या. अश्विनी मात्र माझ्याकडेच बघत होती.

"अप्पा, मला फोन का नाही केलात?"

"काय सांगू? इथं काही घडतच नाही गं."

ती दोन दिवस राहिली. ते दोन दिवस मी टीव्हीला हात लावला नाही. मग ती गेली आणि घर पुन्हा होतं तसं झालं. फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

परवा मी खिडक्या सताड उघडल्या, टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला आणि जीव खाऊन ओरडलो, "बाई, आता जाऊ नका, इथंच ऱ्हावा!" पलीकडं वहिनी कुणाला तरी सांगत होत्या, "काई न्हाई हो, भाऊजी कार्टून बघायलेत."

इतकी छान बदनामी झाली होती, पोरगी पुण्याहून धावत आली होती, आणि मी गाढव, खरं बोलून बसलो!