चुनखडीला हाक मारणाऱ्या शालनबाई

शालनबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते वरवंडच्या एसटी थांब्यावर. दौंडच्या कॉलेजात त्या आम्हाला भूगोल शिकवणार होत्या आणि पहिलाच तास नदीकाठी होता. चहावाल्याला त्या विचारत होत्या, "विहीर खणताना पांढरं कुठं लागतं हो इकडं? जुनी चुन्याची भट्टी व्हती का कुठं?" मला वाटलं, बाईंना घर बांधायचंय.

बाई शोधत होत्या चुनखडी. आपला मुलूख काळ्या दगडाचा. पण भीमा आणि घोड नद्यांच्या काठी मातीत चुनखडीचे थर आहेत आणि त्यांत जुन्या जनावरांची हाडं, शिंपले दगड होऊन बसलेत. शिरूर-दौंडातल्या अशा जागा बाईंनी पायी फिरून हुडकल्या आणि आमच्यासारख्या ठोंब्यांना दाखवल्या. एकही हाड घरी आणलं नाही. "घर त्यांचं, आपण पाहुणे," म्हणायच्या.

म्हणूनच थराला हातोडी लावण्याआधी त्या बोटांनी टकटक करत आणि विचारत, "कोण हाय का घरात?" मग कान लावून थांबत. आम्ही तोंड दाबून हसायचो.

ते हसू एका भर दुपारी संपलं. भीमेकाठच्या दरडीखाली आम्ही उभे होतो. वारा पडलेला, पाखराचाही आवाज नव्हता. वरच्या शेताचे मालक आबा काठावरूनच म्हणाले, "दुपारचं हितं थांबू नगा. गुरं हंबरत्यात. दिसत मातर न्हाईत."

"हंबरू द्या की आबा. त्यांचंच गाव हाय हे." बाईंनी टकटक केली, विचारलं, कान लावला. त्यांचा चेहरा उतरला. "मागं व्हा. सगळे. धावू नका."

आम्ही मागे सरलो आणि आधी उभे होतो नेमकी तिथेच दरड कोसळली. धूळ बसल्यावर पांढऱ्या थरात एक भलंमोठं शिंगांचं डोकं दिसलं, आमच्याकडेच तोंड केलेलं. एवढा बैल आज कुठल्या बाजारात मिळायचा नाही.

"बाई, काय ऐकलंत?"

"आत्ता नको, म्हणाले," बाई म्हणाल्या आणि हसल्या नाहीत. पुढे वर्गात त्यांनी थर आतून पोखरला होता म्हणून पोकळ वाजला, असं रीतसर समजावलं. ते मला पटलं. अंगावरचा काटा मात्र अजून जात नाही.

सणसवाडीच्या कंपनीत लागल्यावर मी भाड्याच्या खोलीत काविळीने एकटा पडलो होतो. एका सकाळी दारावर टकटक झाली, "कोण हाय का घरात?" बाई मऊ भाताचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या क्षणी मला रडू कोसळलं.

गेल्या वर्षी बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आता दर रविवारी मी दौंडला जातो, त्यांच्या दारावर टकटक करतो आणि तेच विचारतो. आतून लगेच उत्तर येत नाही. त्या दुपारची शांतता पुन्हा भोवती येते आणि मला भीती वाटते. मग आवाज येतो, "हाय की. ये."

बाई, पंचाहत्तरी झाली, आता ठणठणीत राहून शंभरी गाठा आणि हे उत्तर देत राहा. आम्ही सगळे बाहेर कान लावून उभे आहोत.