कुशाबा बुवांची कुलूपबंद चाल

कुशाबा बुवांना मी जन्मभर पखवाजावर साथ केली, म्हणून हक्काने सांगतो. असा हट्टी माणूस अख्ख्या डिलाईल रोडला दुसरा झाला नाय. मिलमध्ये होते तोवर साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या उभ्या चाली बांधायचे, मिल गेली तसे एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीत बसून बांधायचे. आणि डबलबारीला बसले की समोरच्या बुवाची पार बिनपाण्याने करायचे. दोन भजनीबुवा समोरासमोर, एकाने गायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच त्याला उत्तर द्यायचं, असा तो सामना. त्यात चालींची चोरी फार. आज तुम्ही बांधलेली चाल पुढच्या शनिवारी दुसऱ्याच्या तोंडी. लालबागच्या कमलाकांत बुवांचं नाव काढलं की आमचे बुवा एकच शब्द बोलायचे: चोर.

लक्ष्मीवहिनी गेल्या त्या वर्षी बुवांनी एक गजर बांधला. बायको गेल्याच्या दुःखात माणूस दारू पितो, ह्यांनी चाल बांधली. परळच्या एका सामन्यात कमलाकांतसमोर ती एकदाच गायले आणि मग स्टुडिओत जाऊन तिची सीडी केली. मुलगा राहुल, त्याने ती सीडी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवली. तेव्हा बुवांनी धोशा लावला, कुलूप घाल, कोणाला कॉपी करता येता कामा नये. तशी सोय त्या कॉम्प्युटरात होती. राहुलने केली. गाणं फक्त त्याच कॉम्प्युटरवर वाजणार, दुसरीकडे नाही. एवढ्यावर थांबायचं ना! पण नाही. सीडी कोणाच्या हाती लागेल म्हणून बुवांनी ती माझ्यादेखत मोडली. राहुल नको नको म्हणत राहिला. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय?

चाळ पाडायला निघाली, बिऱ्हाडं हलली, तो कॉम्प्युटर भंगारात गेला. राहुलने फायली हार्डडिस्कवर काढून ठेवल्या होत्या, म्हणून सगळे निर्धास्त. वाजवून बघायचं कोणाच्या मनात आलं नाही. बुवांचा गळा होता ना, फाईल हवी कोणाला?

गेल्या वर्षी गळ्यात कॅन्सर निघाला. टाटात ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढली. आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास येतो, शब्द येत नाही.

नात अक्षदा गोड गाते. यंदा गणपतीत तिची पहिली बारी. ती म्हणाली, आजोबांची ती चाल गाईन. बुवांचे डोळे असे चमकले, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. राहुलने हार्डडिस्क लावली. गजराचं नाव दिसतं, किती मिनिटांचा तेही दिसतं, वाजत मात्र नाही. एमपीथ्री करायला गेला तर परवाना नाही म्हणे. त्या कुलपाची किल्ली भंगारातल्या कॉम्प्युटरच्या पोटात. वाजलं असतं तर मोबाईल समोर धरून भरून घेतलं असतं, पण वाजायला तर पाहिजे! लॅमिंग्टन रोडला फिरलो, ओळखीच्या पोरांना दाखवलं, सगळ्यांनी हात टेकले. स्टुडिओच्या जागी आता जिम आहे. कोरसमधले म्हातारे अर्धे वर गेले, उरलेल्यांना फक्त ध्रुपद आठवतं. मला ठेका येतो, चाल ऐकली तर ओळखेन, पण गायच्या नावाने माझी बोंब.

शेवटी बुवांनी पाटीवर नाव लिहिलं. कमलाकांत. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. ज्याच्यापासून लपवली, त्याने चोरली असू दे म्हणून देवाला हात जोडायची पाळी आली.

बुवा, अक्षदा आणि मी लालबागला गेलो, तर कमलाकांत बुवांनी दारात ताटकळत न ठेवता आत बसवलं. पेटी काढली. म्हणाले, "चोरली होती रे कुशाबा. पण गायची हिंमत झाली नाही. ती बाईसाठी होती, कळत होतं मला."

ते गायला लागले. ध्रुपद बरोबर आलं. अक्षदाने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं होतं. अंतरा आला आणि घात झाला. मूळ चालीत तिथे सूर वर चढता चढता गपकन खाली बसतो, ह्यांनी तो सरळ वर नेला. बुवांनी मांडीवर हात आपटला, मान हलवली. कमलाकांतांनी पुन्हा म्हटलं, दुसरंच काहीतरी. पुन्हा म्हटलं. बुवा हाताने हवेत दाखवत होते, इथून असं, असं, पण हाताच्या इशाऱ्याला सूर नसतो. गळ्याच्या भोकातून नुसती हवा फुसफुसत होती. कमलाकांत घामाघूम झाले, शेवटी जे आठवलं तेच त्यांनी डोळे मिटून पूर्ण गायलं.

अक्षदाने विचारलं, "आजोबा, हीच ना?"

बुवांनी तिच्याकडे बघितलं, कमलाकांतांकडे बघितलं, आणि मान डोलावली. हो.

ती नव्हती. ते मला माहीत होतं आणि बुवांना माहीत होतं. पण ती कोणती, हे गाऊन दाखवणारं आता कोणी उरलं नव्हतं.